कायक, दासोह आणि आमची एमआयडीसी



शाळेच्या इतिहासात प्रबोधनाचा धडा फ्लॉरेन्सपासून सुरू होतो आणि १५१७ साली मार्टिन ल्यूथरपाशी येऊन थांबतो. हा धडा मी बरीच वर्षे शिकवला. शिकवताना मुलांना एक जोड द्यायचो... ल्यूथरच्या साडेतीनशे वर्षे आधी आपल्याच मुलखात देव आणि भक्त यांच्यामधला मध्यस्थ दूर करण्याचा मोठा प्रयत्न झाला, आणि त्याचा एक धागा थेट आपल्या सोलापुरात येतो. आता घर अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीजवळ आहे. यंत्रमागांची खटखट दिवसभर कानावर असते. त्यामुळे हा विषय हल्ली फार आठवतो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बाराव्या शतकाचा काळ. इकडे कल्याणीच्या चालुक्यांची सत्ता होती. देवळांना जमिनी इनाम मिळत, शास्त्रे संस्कृतात असत आणि पुण्य मिळवायचे तर पुरोहित लागे. ज्याचे हात मातीत, चामड्यात किंवा रंगात, तो देवापासून लांब. म्हणजे समाज ज्यांच्या कष्टावर उभा होता, तेच पायरीच्या खाली. पुढे कलचुरी घराण्यातल्या बिज्जलाने चालुक्यांचे सिंहासन बळकावले. त्याचे आधीचे ठाणे आपल्या जिल्ह्यातले मंगळवेढे. बसवेश्वर त्याच्या सेवेत होते; आधी मंगळवेढ्याला आणि मग कल्याणला, म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यातल्या बसवकल्याणला.

बसवण्णांनी आणि त्यांच्या सोबतच्या शरणांनी नेमके काय बदलले? मला तीन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात.

पहिली, देव देवळातून काढून तळहातावर आणला. इष्टलिंग गळ्यात आले, तेही बाईच्या आणि पुरुषाच्या, दोघांच्या. मग पुजारी कशाला आणि सोवळे तरी कुणाचे? दुसरी, बोलीभाषा. वचने कन्नडात लिहिली गेली, आणि लिहिणारे कोण? दोर वळणारा नुलिय चंदय्या, धोबी माचय्या, नावाडी अंबिगर चौडय्या, कातडी कमावणारा कक्कय्या. अक्कमहादेवींसारख्या स्त्रियाही होत्या. तिसरी गोष्ट म्हणजे कायक. प्रामाणिक अंगमेहनत हीच पूजा आणि कुठलेही काम हलके नाही, हा विचार.

पण कायकाला एक जोडीदार आहे, दासोह. आपल्या गरजेपुरते ठेवायचे आणि उरलेले समाजाचे म्हणून समाजाला द्यायचे. आय्दक्की लक्कम्मा आणि मारय्या या जोडप्याची कथा याच अर्थाची आहे. सांडलेले तांदूळ वेचणे हे त्यांचे कायक. एक दिवस मारय्याने नेहमीपेक्षा जास्त तांदूळ आणले, तर लक्कम्माने त्याला जादाचे परत ठेवून यायला लावले. आमच्या आजीच्या पिढीला ही गोष्ट अर्थशास्त्र न शिकता कळत होती!

आता सोलापूरकडे येऊ. त्या काळचे सोन्नलिगे. इथे सिद्धराम तळे खोदत होते, देवळे बांधत होते, अडुसष्ट लिंगे स्थापत होते. शरण परंपरा सांगते की अल्लमप्रभू इथे आले आणि त्यांनी सिद्धरामांना चक्क मातीकाम करणारा म्हणून हाक मारली. खोदणाऱ्या शिष्यांना राग आला, ते दगड घेऊन धावले. अल्लमांचा रोख कामावर नव्हता. तळे बांधणारा जर 'मी बांधले' म्हणत राहिला तर त्याचे पुण्य कसले, असा त्यांचा सवाल होता. सिद्धराम त्यांच्याबरोबर कल्याणला गेले आणि शरणांपैकी एक झाले. त्यांची समाधी आज तळ्यातल्या त्याच मंदिरात आहे. संक्रांतीच्या गड्ड्याला सात नंदीध्वज निघतात, त्यांचे मान वेगवेगळ्या समाजांकडे आहेत. भोगीला संमती कट्ट्यावर अक्षता पडतात, त्या कुंभाराच्या मुलीचा सिद्धरामांच्या योगदंडाशी होणारा विवाह म्हणून.

मात्र कल्याणमध्ये जेव्हा खरोखरचा विवाह ठरला तेव्हा काय झाले? चांभार हरळय्याचा मुलगा आणि ब्राह्मण मधुवरसाची मुलगी. परंपरा सांगते की बिज्जलाने दोन्ही बापांना देहान्ताची शिक्षा दिली. ११६७ च्या सुमारास कल्याण पेटले, बिज्जलही गेला आणि शरण पांगले. एकत्र बसून वचने म्हणणे राज्याने चालवून घेतले होते. घरात सून आणायची वेळ आली, तेव्हा तलवार निघाली.

पुढचा हिशेब मला अस्वस्थ करतो. ज्या मंगळवेढ्यात बसवण्णांनी नोकरी केली, तिथेच १३३८ साली गावकुसाचे काम करताना भिंत कोसळून चोखोबा गेले. ज्या विठ्ठलाला आयुष्यभर भजले, त्याच्या मंदिरात त्यांना जाता आले नाही. मधे जेमतेम पावणेदोनशे वर्षे. आणि शरणांचे तरी काय झाले? कक्कय्या एका समाजाचे, हरळय्या दुसऱ्याचे, माचय्या तिसऱ्याचे. जात मोडायला निघालेली माणसे एकेका जातीच्या वाट्याला आली.

मग सगळे वाया गेले का? नाही. वचने ताडपत्रांवर घरोघरी जपून राहिली. विजापूरचे वकील फ. गु. हळकट्टी यांनी ती गोळा केली आणि १९२३ पासून छापायला घेतली. आपल्या सोलापूरच्या जयदेवीताई लिगाडे यांनी सिद्धरामांवर कन्नडात पुराणकाव्य लिहिले, वचने मराठीत आणली. १९७४ साली मंड्याच्या कन्नड साहित्य संमेलनाच्या त्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. ठिणगी राखेखाली होती, विझली नव्हती.

आता आमची एमआयडीसी. इथे टॉवेल आणि चादरी होतात. तेलुगू, कन्नड, मराठी, उर्दू बोलणारी माणसे एका छपराखाली राबतात. कांड्या भरणाऱ्या, टॉवेलच्या कडा शिवणाऱ्या बाया पाळी संपली की घाईने घरी निघतात. श्रम हीच पूजा, हे वाक्य या गावात सगळ्यांना पाठ आहे. पण ते बहुतेक वेळा वरून खाली सांगितले जाते, राबणाऱ्याला. दासोहाचे वाक्य खालून वर कोणी विचारत नाही.

१८ मे २०२५ च्या पहाटे याच वसाहतीत एका टॉवेल कारखान्याला आग लागली. आठ जण गेले. त्यात मालक होते, त्यांच्या घरची माणसे होती आणि कामगारही होते. आगीने कोण कुठल्या पायरीचा ते पाहिले नाही. आपण मात्र एरवी पाहतो.

कायक म्हणजे नुसते काम करणे नव्हे. काम करणाऱ्याचा जीव, त्याचा घास आणि त्याची प्रतिष्ठा ही पूजेइतकीच पवित्र मानणे, हा त्याचा उरलेला अर्धा अर्थ. आठशे वर्षांपूर्वी कल्याणने तो अर्थ मांडला. त्यातला सोयीचा अर्धा भाग आपण उचलला, एवढेच.

तुम्हाला काय वाटते? तुमच्या गावातल्या अशा आठवणी असतील तर जरूर कळवा.