डोमेन-प्रवेशातील अडथळे : नामव्यवस्थेच्या इतिहासातून

‘डोमेन’ ही संज्ञा लॅटिनमधील ‘दोमिनुस’, म्हणजे स्वामी, या शब्दाच्या कुळातील होय. ‘दोमिनुस’च्या मुळाशी गृहवाचक ‘दोमुस’ आहे, आणि आपल्या ‘दंपती’तील ‘दम्’ हा त्याचाच सगोत्र. एखाद्या संगणकास या घरात प्रवेश मिळेनासा झाला की दोष यंत्रात शोधण्याची रीत पडली आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते तो बहुधा नावात असतो, आणि त्याचे कारण इतिहासात सापडते.

१९७० नंतरच्या दशकात अर्पानेटवरील यंत्रांची नावे कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत, एलिझाबेथ फाइनलर यांच्या देखरेखीखाली, एकाच यादीत नोंदली जात. यंत्रे वाढली तशी यादी आवरेना. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी नावांची श्रेणीबद्ध व विकेंद्रित व्यवस्था, म्हणजेच डीएनएस, मांडली. मायक्रोसॉफ्टच्या विंडोज एनटीमधील (१९९३) डोमेन मात्र तीवर उभे नव्हते. तेथील नाव नेटबायॉसचे, पंधरा अक्षरांपुरते; नियंत्रक शोधावयाचा तर यंत्र आपल्या आळीत हाक मारी, किंवा विन्स नामक सेवेस विचारी. २००० साली अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी आली आणि हाकेची जागा प्रामुख्याने डीएनएसमधील एसआरव्ही नोंदीने घेतली. आता यंत्राचा पहिला प्रश्न असतो : या डोमेनचा नियंत्रक कोठे आहे? हा प्रश्न संस्थेच्या अंतर्गत डीएनएसऐवजी इंटरनेट पुरविणाऱ्या कंपनीच्या डीएनएसकडे गेला, तर नियंत्रकाशी संपर्क होऊ शकत नाही, असा निरोप पडद्यावर उमटतो. वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष, अर्थदृष्ट्या दिशाभूल करणारे. कारण नियंत्रक जागेवरच असतो. परगावच्या पोस्टमनला आपल्या वाड्यातील बिऱ्हाडकरू विचारावा, तसा हा प्रकार. अशा वेळी विंडोज पुन्हा बसविण्याचा खटाटोप व्यर्थ होय. जोडणीतील डीएनएसचा पत्ता तेवढा बदलावा.

पत्ता बरोबर असूनही ओळख पटत नाही, तेव्हा घड्याळ पाहावे. नीडहॅम व श्रोडर यांनी १९७८ मध्ये ओळख पटविण्याची जी पद्धत मांडली, तीत जुना संदेश पुन्हा वापरून फसविण्यास वाव होता. डेनिंग व साको यांनी १९८१ मध्ये त्यावर कालमुद्रेचा उतारा सुचविला. एमआयटीतील अथेना प्रकल्पात घडलेल्या कर्बेरॉसने तो स्वीकारला. म्हणूनच दोन घड्याळांत पाच मिनिटांहून अधिक अंतर पडले की अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी, अन्यथा ठरविले नसल्यास, परवाना नाकारते. मदरबोर्डवरील दोन रुपयांएवढी बॅटरी संपल्याने असे घडते, हे पुष्कळांच्या ध्यानी येत नाही.

अलीकडचा अडथळा वारशाचा आहे. जुना संगणक मोडीत निघतो, नव्यास त्याचेच नाव दिले जाते, पण डिरेक्टरीतील जुने खाते तसेच राहते. पूर्वी हे पुष्कळदा खपून जाई. ऑक्टोबर २०२२ च्या सुरक्षा-सुधारणांपासून मात्र, ते खाते ज्याने निर्माण केले त्याच्याखेरीज इतरांस त्या नावाने प्रवेश सामान्यतः मिळत नाही. तेव्हा मूळ निर्मात्याच्या अधिकाराने जोडणी करावी, जुने खाते काढून टाकावे, अथवा यंत्रास नवे नाव द्यावे.