पूल टेबल : घडण आणि जुळणी

पूल टेबल : सहा खिसे, रबरी कडा (कुशन) आणि बनातीने मढवलेला सपाट पृष्ठभाग असलेले खेळाचे मेज. लांबी रुंदीच्या दुप्पट असते. जागतिक पूल संघटनेच्या नियमांप्रमाणे नऊ फुटी टेबलाचे खेळाचे क्षेत्र, म्हणजे एका कुशनच्या नाकापासून (पुढे आलेल्या कडेपासून) समोरच्या कुशनच्या नाकापर्यंतची जागा, १०० इंच लांब व ५० इंच रुंद (२५४ × १२७ सेंमी.) भरते, जमिनीपासूनची उंची २९.२५ ते ३१ इंच. स्नूकर आणि इंग्लिश बिलियर्ड्सचे बारा फुटी टेबल हे याचे थोरले भावंड. आपल्याकडच्या जिमखान्यांत आणि क्लबांत ते आधी आले. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ साली जागतिक हौशी बिलियर्ड्स विजेते झाले ते त्याच टेबलावर. ‘चांगले टेबल’ म्हटले की विक्रेता गिऱ्हाइकाला तीन गोष्टी दाखवतो : कोरीव पाय, दगडाची जाडी आणि कंपनीची पट्टी. पहिली आणि तिसरी खेळाच्या दृष्टीने बिनकामाची आहे आणि दुसरी अर्धे सत्य आहे. टेबलाचा दर्जा मुख्यतः ठरतो तो त्याचा प्रत्येक भाग पुन्हा सोडवून, उचलून, सरकवून नेमका बसवता येतो की नाही यावर. कारण टेबल कारखान्यात पुरे होत नाही. ते ज्या फरशीवर उभे राहायचे तिथे पुरे होते, आणि काही वर्षांनी पुन्हा पुरे करावे लागते.

पृष्ठभाग दगडाचा असतो, पण तो पहिल्यापासून तसा नव्हता. आधी लाकडी फळ्या असत. लाकूड पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आटते. फळीला बाक येतो, सांध्यात फट पडते आणि हळू मारलेला चेंडू भलतीकडे वळतो. लंडनचे कारागीर जॉन थर्स्टन यांनी १७९९ मध्ये व्यवसाय सुरू केला आणि १८२६ मध्ये लाकडाच्या जागी पाटीचा दगड वापरात आणला. ज्या दगडी पाटीवर आपल्या आजी-आजोबांनी मुळाक्षरे गिरवली, तोच हा दगड. गाळाचे थर प्रचंड दाबाखाली सापडले की त्यांतले चपटे खनिजकण एकाच दिशेने आडवे होतात, आणि मग छिन्नी लावली की खडक पापुद्र्यापापुद्र्याने सुटतो. संगमरवराची लादी करवतीने कापून काढावी लागते. पाटी जन्मतःच सपाट निघते. शिवाय ती पाणी फारच कमी पिते आणि न फुटता तिला भोक पाडता येते. खाणी वेल्समध्ये, इटलीच्या लिगुरिया भागात, ब्राझीलमध्ये, चीनमध्ये आहेत. खाणीतून निघालेली पाटी हिऱ्याच्या कणांच्या चाकांनी घासून एकसारख्या जाडीची करतात. कोणत्या देशाची पाटी उत्तम, यावर शौकिनांत हिरिरीने वाद होतात. घासाई नीट झाली असेल तर चेंडूला दगडाचे गाव कळत नाही.

पाटीच्या जाडीचा बोलबाला मोठा आहे. घरगुती टेबलांत ती पाऊण इंच (१९ मिमी.) असते, स्पर्धेच्या टेबलाला किमान एक इंच (२५.४ मिमी.) लागते, आणि स्नूकरच्या टेबलाला ४५ ते ५० मिमी.पर्यंत. जाडीला महत्त्व आहे हे खरेच. खेळाडू टेबलावर रेलतो तेव्हा पाटीला पडणारा बाक जाडीच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात असतो. म्हणून १९ मिमी.ऐवजी २५ मिमी. घेतली की तोच भार तिला अर्ध्याहूनही कमी वाकवतो. पण याच सूत्राची दुसरी बाजू विक्रेता सांगत नाही. बाक दोन आधारांमधल्या अंतराच्या घनाबरोबर वाढतो. आधारांमधले अंतर निम्मे केले की बाक आठपट कमी होतो. तेव्हा पाटीखाली तुळ्या किती, त्या कुठे आणि कशाच्या, हा प्रश्न जाडीइतकाच, किंबहुना अधिक मोलाचा. दूरदूर आधार असलेल्या डुगडुगत्या सांगाड्यावरची इंचभर पाटी जवळजवळ तुळ्यांवर नीट बसवलेल्या पाऊण इंची पाटीपुढे हरू शकते. वजनाचाही विचार करावा लागतो. केवळ खेळाच्या क्षेत्रापुरताच हिशेब केला तरी नऊ फुटी टेबलाच्या इंचभर पाटीचे वजन सव्वादोनशे किलोच्या आसपास जाते, आणि प्रत्यक्षात पाटी कुशनच्या खाली बाहेरपर्यंत गेलेली असते. हा भार सांगाड्यावर रात्रंदिवस, वर्षानुवर्षे असतो. म्हणून चांगला सांगाडा वाळवलेल्या भरीव लाकडाचा किंवा नीट चिकटवलेल्या थरांचा असतो, कोपरे बोल्टने आवळलेले असतात, आणि मधून लांबीच्या व रुंदीच्या दिशेने तुळ्या गेलेल्या असतात. भुशाच्या दाबीव फळ्यांचा, पिनांनी जोडलेला सांगाडा नवा असताना तितकाच देखणा दिसतो. दोन-तीन पावसाळ्यांनी मात्र फरक कळतो.

नऊ फुटी टेबलाची पाटी बहुधा तीन तुकड्यांत असते. बारा फुटी स्नूकर टेबलाची पाच. त्यावर सहज येणारा आक्षेप असा, की सांधा म्हणजे उणीव, मग अखंड पाटी चांगली नव्हे का? नाणे टाकून खेळायच्या सात फुटी टेबलांत पाटी अखंडच असते, आणि गावोगाव स्पर्धांना न्यायच्या काही अमेरिकन नऊ फुटी टेबलांतही ती तशी असते. त्यांत लबाडी काही नाही. पण अखंड पाटीचा एक कोपरा खाली आला तर तो एकटा उचलता येत नाही. उचलायचे तर सगळे टेबल, किंवा मग पायांतच बारीक आट्यांचे जॅक बसवावे लागतात. म्हणजे समतलाचे काम टळत नाही, ते पाटीखालून पायांत जाते. तीन तुकड्यांच्या पाटीत प्रत्येक तुकडा त्याच्या त्याच्या जागी पाचर घालून हवा तेवढा वर घेता येतो. शिवाय तीनशे किलोंची अखंड पाटी तिसऱ्या मजल्यावर जिन्याने कोण नेणार, हा प्रश्न मराठी माणसाच्या इमारतीत तरी गौण मानता येणार नाही. सांधा ही उणीव ठरते ती तो नीट न भरल्यास. नियमाची मर्यादा कडक आहे : सांध्याच्या दोन्ही बाजू ०.१२७ मिमी.च्या आत एकाच पातळीत हव्यात. वहीचा कागद साधारण ०.१ मिमी. जाड असतो, म्हणजे फारतर एका कागदाची सूट. संपूर्ण पृष्ठभागाला लांबीच्या दिशेने अर्ध्या मिमी.ची आणि रुंदीच्या दिशेने पाव मिमी.ची.

ही मर्यादा हाताने कशी साधतात ते जवळून पाहण्यासारखे आहे. प्रथम रिकामा सांगाडा समतल करतात, आणि मग मधली पाटी ठेवतात, तिच्या दोन्ही बाजूंना टोकाच्या. गवंड्याची लेव्हल इथे कामाची नाही. यंत्रशाळेत लेथ बसवताना वापरतात ती लेव्हल लागते. तिच्या एका टोकाखाली पत्त्याच्या कॅटमधले एक पान सरकवले तरी बुडबुडा जागा सोडतो. फिटर आधी मधली पाटी साधतो, मग दोन्ही टोके तिच्या पातळीला आणतो. पाटी आणि सांगाडा यांच्यामध्ये लाकडाच्या पातळ पाचरी, कधी पितळी पत्र्याचे तुकडे, कधी खरोखरच पत्ते जातात. सांध्यावरून तो बोटाचे पेर फिरवतो, कारण डोळ्याला न दिसणारी पायरी कातडीला जाणवते. पातळी जमली की स्क्रू पिळायचे. नियमाने तीन तुकड्यांना मिळून किमान वीस, आणि डोके दगडात बुडेल असे. स्क्रू आवळला की पाटी केसभर खाली बसते, म्हणून पुन्हा लेव्हल, पुन्हा पाचर. शेवटी सांध्याजवळचा दगड ज्योतीने कोमट करून त्यात वितळलेले मधमाशांचे मेण ओततात, गार झाले की धारदार पात्याने खरवडून दगडाबरोबर सपाट करतात. काही कारागीर मोटारींच्या पत्र्याचे खड्डे बुजवायची कडक लुकण वापरतात. ती मेणापेक्षा टणक असते, लवकर उखडत नाही. पण पुढे पाटी सोडवायची वेळ आली की तीच लुकण दगडाची कड घेऊन निघते. मेण गरम केले की सुटते आणि पुन्हा भरता येते. मेण पत्करावे ते यासाठी.

कुशनची गोष्टही अशीच आहे. पूर्वी कडांना कापडाच्या चिंध्या किंवा फेल्ट भरलेले असे. चेंडू थडकून तिथेच मेल्यासारखा थांबे. थर्स्टन यांनी १८३५ च्या सुमारास रबर आणले, पण कच्चे रबर थंडीत दगडासारखे होई आणि लंडनच्या हिवाळ्यात खेळाआधी गरम पाण्याची भांडी लावून ते शेकावे लागे. गंधकाने पक्के केलेले रबर १८४० नंतर आले तेव्हा हा खटाटोप संपला. आज कुशनचा छेद त्रिकोणी असतो आणि नाकाची उंची चेंडूच्या व्यासाच्या ६२.५ ते ६४.५ टक्के ठेवतात, ५७.१५ मिमी. व्यासाच्या पूल चेंडूसाठी सुमारे ३६ मिमी. हा आकडा वरवर विचित्र वाटतो. गणिताने पाहिले तर व्यासाच्या ७० टक्के उंचीवर आडवा धक्का बसला की चेंडू न घसरता सरळ लोळू लागतो. मग नाक तिथेच का नाही? कारण चेंडूच्या मध्यावरून जितके वर नाक टेकते तितके ते चेंडूला खालीही दाबते. ७० टक्क्यांवर हा दाब इतका होतो की परतणारा चेंडू बनातीत रुततो आणि वेग गमावतो. मध्याच्या खाली टेकले तर उलटे, चेंडू उसळून हवेत जातो. ६३ च्या आसपासचा आकडा ही दोन्हींमधली तडजोड. आणि ती रबरावर एकट्यावर अवलंबून नसते. रबर ज्या लाकडी रेलवर चिकटवले आहे ती रेल पाटीला किती घट्ट आवळली आहे, बनात किती ताणून तिच्यावर चढवली आहे, यावर नाक एक-दीड मिमी. वर-खाली होते. नियमाची कसोटी साधी आहे : जोरदार, सरळ मारलेल्या चेंडूच्या न उसळता टेबलाच्या लांबीच्या किमान चार ते साडेचार खेपा झाल्या पाहिजेत. ‘रबर मेले’ म्हणून जी कुशन बदलली जातात, त्यांतल्या काहींचे नुसते बोल्ट ढिले असतात.

बनातीचे दोन प्रकार आहेत. स्नूकरच्या कापडाला लव असते, आणि ती एका दिशेने बसवलेली असते. लवेच्या विरुद्ध हळू मारलेला चेंडू किंचित वळतो, आणि जाणता खेळाडू तो हिशेब धरून खेळतो. पूलसाठी लांब तंतू विंचरून काढलेल्या लोकरीचे, लव नसलेले, घट्ट विणीचे कापड पसंत करतात. चेंडू त्यावर जलद आणि सरळ धावतो. बेल्जियमच्या व्हेरव्हिए गावातील सिमोनिस हे १६८० पासूनचे घराणे याच कापडासाठी ओळखले जाते. लोकर ओलावा शोषते, म्हणून मुंबई-कोकणात जून उजाडला की टेबल मंदावते. युरोपात कॅरमबोल बिलियर्ड्सच्या टेबलांची पाटी खालून विजेने गरम ठेवतात ती अंशतः यासाठीच. पूलमध्ये ती चाल नाही. आपल्याकडे वातानुकूलित खोली तेच काम करते. खिशांचे थोडक्यात : कोपऱ्यातल्या खिशाचे तोंड साडेचार इंचांपासून सुरू होते, म्हणजे बरोबर दोन चेंडूंच्या रुंदीएवढे. मधले खिसे अर्धा इंच मोठे.

सगळ्यात सबळ आक्षेप वेगळाच आहे. पुन्हा पुन्हा जुळवावे लागणारे टेबल म्हणजे नीट न बनवलेले टेबल, आणि खरा दर्जा एकदा बसवून विसरता येण्यात आहे, असे कुणी म्हणेल. पंख्याच्या किंवा शिवणयंत्राच्या बाबतीत हे म्हणणे योग्य ठरेल. पण टेबल फरशीवर उभे असते, आणि फरशी टेबल बनवणाऱ्याच्या ताब्यात नसते. चार-सहा पायांवर कित्येक शे किलो एकाच जागी उभे राहिले की फरशीखालची माती दबते, लाकडी जमीन हलते, नव्या इमारतीचा पाया बसतो. न हलणारे टेबल हलत्या घरात वाकडे होणारच. या एका कारणाने पाटीला पर्याय म्हणून आलेली दाबीव लाकडाची वा प्लास्टिकच्या जाळीची हलकी पृष्ठे मागे पडतात. नवी असताना ती पाटीइतकी सपाट असतात, स्वस्त असतात, दोघांना उचलता येतात, आणि लहान मुलांच्या खोलीत त्यांचे चालते. पण एकदा वाकली की त्यांना पाचर घालून सरळ करता येत नाही. बाक त्यांच्या अंगातच मुरतो.

म्हणून टेबल घ्यायला गेलेल्या माणसाने आधी वरून काही पाहू नये. खाली वाकावे, मोबाइलचा दिवा लावावा आणि तुळ्या मोजाव्यात. रेलचे बोल्ट पान्याला सापडतात का पाहावे, आणि पाटी सांगाड्याला स्क्रूने धरली आहे की नुसती ठेवली आहे ते विचारावे. मग चेंडू अगदी हळू, थांबायच्या बेताने, लांबीत आणि आडवा सोडून पाहावा. जोरात मारलेला चेंडू कोणत्याही टेबलावर सरळच जातो.