सोळा घरे, तीन रंग

आमच्या घरी रांगोळीचा एक जुना कागद आहे. उदबत्तीच्या निखाऱ्याने भोके पाडलेला, कडेने पिवळा पडलेला. दिवाळीच्या पहाटे आई तो सारवलेल्या अंगणात अंथरी, वरून पांढरी रांगोळी भुरभुरवी, तळहाताने हलकेच पसरी; आणि कागद उचलला, की खाली ठिपक्यांची पलटण शिस्तीत उभी असे. 'पंधरा ते आठ' एवढे सांगितले की शेजारची परकरी पोरही समजे : मधल्या ओळीत पंधरा ठिपके आणि दोन्ही अंगांना एकेक कमी होत शेवटी आठ. त्या ठिपक्यांतून मग कमळ निघे, कासव निघे, मोरही निघे. ठिपके तेच, कुठला कुठल्याशी जोडायचा आणि कुठला तसाच सोडायचा, यात सारी विद्या.

या कागदाची आठवण मला मागल्या वर्षी भलत्याच ठिकाणी झाली. मी बुलढाणा जिल्ह्यातल्या एका खेड्यात शिकवतो. माझे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे; कादंबऱ्या लिहिण्याचा नाद आहे, आणि संगणकाच्या खोलीत मी जातो तो बहुधा गडबड करणाऱ्या मुलांना बाहेर काढायला. त्या दिवशी आठवीतली एक मुलगी एकटीच पडद्यापुढे बसली होती. पडद्यावर बुद्धिबळाच्या पटासारखी घरे आखलेली, आणि ती एकेक घर रंगाने भरत होती. विचारले, तर म्हणाली, "सर, खेळ बनवू रायली. त्यातली माय काढतो." तिची आई कापूस वेचायला जाते. अवकाळी पाऊस यायच्या आत आईने शेतातला सारा कापूस वेचायचा, असा तो खेळ. स्नेहसंमेलनात तो सर्वांना दाखवायचा होता.

या घराघरांच्या चित्राला पिक्सेल-चित्र म्हणतात, आणि खेळात पडद्यावर इकडून तिकडे हिंडणाऱ्या अशा छोट्या आकृतीला स्प्राइट. कळसूत्री बाहुली जशी मागच्या पडद्यापासून सुटी असते, तशीच ही आकृती मागच्या देखाव्यापासून सुटी. मुलीने आईची आकृती चौसष्ट घरे रुंद आणि चौसष्ट घरे उंच घेतली होती, आणि रंग विसाच्या वर. एवढे करूनही पडद्यावर जे दिसत होते ते माणूस नव्हे, चिखल होता. ती रडकुंडीला आली होती. मला त्यातले काही येत नव्हते. पण लहानपणची एक गोष्ट आठवली आणि मी तिच्या शेजारी खुर्ची ओढली.

1990 च्या सुमारास आमच्या तालुक्याच्या गावी एका दुकानात टीव्हीला जोडायचा खेळ आला होता. बाजाराच्या दिवशी तासावर पैसे देऊन आम्ही पोरे तो खेळत असू. त्यातला लाल टोपीचा मिशाळ माणूस आम्हांला गावातल्या माणसांइतका ओळखीचा झाला होता. तो मारिओ. आमच्यापुढचे यंत्र एका जपानी यंत्राची नक्कल होते, हे मला फार पुढे कळले. मूळ यंत्र निन्टेंडो कंपनीने 1983 मध्ये जपानात 'फॅमिकॉम' या नावाने काढले.

त्या यंत्राची गरिबी आजच्या मुलांना सांगून खरी वाटणार नाही. आकृती आठ घरे रुंद आणि आठ घरे उंच अशा तुकड्यांची रचायची. प्रत्येक घराच्या वाट्याला दोन कळा. दोन कळा चालू-बंद करून चारच अवस्था होतात : तीन रंग आणि चौथी 'रिकामे'. रिकाम्या घरातून मागचा देखावा दिसे. असे तीन-तीन रंगांचे चारच संच पडद्यावरच्या सगळ्या आकृत्यांत वाटून घ्यायचे. 1985 च्या 'सुपर मारिओ ब्रदर्स' या खेळातली सारी चित्रे अवघ्या आठ किलोबाइटांत, म्हणजे 512 तुकड्यांत बसवली आहेत. आज मोबाइलने काढलेल्या एका फोटोला याच्या शेकडो पट जागा लागते. त्या खेळातला ढग आणि झुडूप यांचा आकारही एकच आहे. रंग पालटला की ढगाचे झुडूप होते. गरिबाघरी जुन्या लुगड्याची गोधडी होते, त्यातलाच हा प्रकार.

मारिओचा जन्म त्याआधीचा, 1981 मधल्या 'डाँकी काँग' या खेळातला. तेव्हा त्याला हे नावही नव्हते. शिगेरू मियामोतो या तरुण चित्रकाराने तो सोळा घरांच्या आतबाहेर बसवला. एवढ्याशा जागेत तोंड दाखवता येईना, म्हणून मोठे नाक आणि त्याखाली मिशा दिल्या. केस काढता येईनात, आणि उडी मारताना ते हलवावे लागणार, म्हणून टोपी घातली. हात अंगापासून वेगळे दिसेनात, म्हणून कामगाराचा पट्ट्यांचा पोशाख चढवला. पुढे 1985 च्या खेळात त्याला तीन रंग मिळाले. टोपी आणि पोशाख लाल, चेहरा आणि हात फिकट नारिंगी. आणि केस, मिशा, सदरा, जोडे हे सगळे एकाच तपकिरीत. जगभर ओळखला जाणारा तो चेहरा कुणाच्या प्रतिभेने एका झटक्यात उभा केलेला नाही. अडचणी एकेक करून सोडवल्या, आणि शेवटी जे उरले त्याला मिशा होत्या.

मी हे सांगितले तेव्हा मुलगी बराच वेळ गप्प होती. मग तिने चौसष्ट घरांची आई पुसून टाकली. आम्ही ठरवले, की जुन्या यंत्राचाच नियम पाळायचा : सोळा घरे रुंद, सोळा उंच, तीन रंग आणि चौथे रिकामे.

हा नियम काही जपानात जन्मलेला नाही. मोजक्या घरांत आकृती बसवण्याची विद्या आपल्या घराघरांत होती. जुन्या लग्नांतले रुखवत आठवा. मॅटीच्या कापडावर धागे मोजून फुलीच्या टाक्याने भरलेला पोपट, त्याखाली 'सुस्वागतम्', वर काचेची चौकट. पोपटाची चोच किती टाक्यांची, डोळ्याला एकच फुली की चार, हे मावशी-आत्यांना तोंडपाठ असे. गंमत अशी, की 1984 मध्ये 'मॅकिन्टॉश' संगणक बाजारात आला तेव्हा त्याच्या पडद्यावरची चिन्हे काढणारी सुझन केअर ही बाई हेच जाणणारी होती. तिने चौकटीच्या वहीत 32 गुणिले 32 घरे आखून, घर भरायचे की सोडायचे एवढ्यावर कचऱ्याचा डबा काढला, हसरा संगणक काढला. मोजून घातलेले टाके आणि तुकड्यांची जडणघडण तिच्या हाताला आधीपासून ठाऊक होती. संगणक नवा होता. कसब रुखवतातले होते.

पैठणीचेही तसेच. आमच्या जिल्ह्याला लागून जालना आणि पलीकडे पैठण. तिथला विणकर पदरावरचा बांगडी-मोर ताणे मोजून, प्रत्येक रंगाचा आडवा धागा वेगळा खेळवून उभा करतो. आणि धूपछाव! उभा धागा एका रंगाचा, आडवा दुसऱ्या रंगाचा. डोळ्याला दिसतो तिसराच, आणि अंगावर हलला की पालटतो. पिक्सेल-चित्रकार असेच करतात. एक घर या रंगाचे, एक त्या रंगाचे, असा बुद्धिबळाचा पट भरला की दुरून मधला रंग दिसतो. पेटीत नसलेला रंग डोळ्यात तयार होतो.

आम्ही पहिल्यांदा आकृतीची काळी सावली केली. सगळी घरे काळी भरायची आणि लांबून पाहायचे. ओळखू आली तर पुढे जायचे, नाही तर रंगाने काही साधत नाही. साडीतली आई देवळातल्या घंटेसारखी दिसू लागली. वर्ग हसला. मी म्हटले, "आई वेचायला जाते तेव्हा कशी दिसते, ते काढ." आमच्याकडे वेचणीच्या बाया साडीवर पुरुषी सदरा घालतात. पऱ्हाटीची बोंडे हातांना ओरबाडतात, ऊन भाजते, म्हणून. साडी खोचून घेतलेली, कमरेला कापसाची ओटी. सदरा आला आणि घंटेची बाई झाली. सदरा आणि केस एकाच गडद रंगात. साडी आणि कपाळावरचे कुंकू एकाच लालात. कुंकवाला एकच घर. तिसरा रंग अंगाचा.

इथे गाडी अडली. पोरीने अंगाला फिकट गुलाबी रंग दिला होता. मी विचारले, "आई अशी आहे का गं?" ती म्हणाली, "सर, पेटीत 'स्किन कलर' हाच असते."

तिचे काही चुकले नव्हते. खडूच्या पेटीतला तो गुलाबीसर खडू आपण सगळेच बिनदिक्कत 'स्किन कलर' म्हणत आलो. अमेरिकेतल्या क्रेयोला कंपनीच्या पेटीतही अशाच एका खडूवर 'देह' या अर्थाचे नाव होते. 1962 मध्ये ते बदलून फळावरून 'पीच' केले गेले. आमच्याकडे नाव अजून बदललेले नाही. पोरीपाशी दुसरेही कारण होते, आणि ते खरे होते : गहिरा रंग गडद सदऱ्याजवळ दिसतच नव्हता, हात सदऱ्यात बुडून जात होते. तिने तपकिरी भरून पाहिले होते, आई दिसेना, म्हणून गुलाबी घेतला. रंग तीनच असले की कुणाला तरी माघार घ्यावी लागते. आणि माघार घेणारा कोण, हे पेटी बनवणाऱ्याने आधीच ठरवून ठेवलेले असते.

त्या महिन्यात शाळेची सहल अजिंठ्याला गेली. बुलढाणा गाव अजिंठ्याच्याच डोंगररांगेवर वसलेले. त्यामुळे आमची सहल म्हटली की अजिंठा ठरलेला, आणि ठरलेले म्हणून कुणी नीट पाहत नाही. या खेपेस आम्ही दोघे पहिल्या लेण्यात रेंगाळलो. पाचव्या शतकातले, वाकाटकांच्या काळातले हे काम. त्या चित्रकारांची पेटीही लहानच : तांबडी माती, पिवळी माती, डोंगरातच सापडणारी हिरवी माती, चुन्याचा पांढरा, काजळीचा काळा, आणि बाहेरून आणलेल्या लाजवर्दाचा निळा, तो जपून. एवढ्यात त्यांनी राजे, दासी, परदेशी, भिक्षू, गोरे, सावळे, काळे, सगळे काढले. 'कृष्णराजकन्या' म्हणून प्रसिद्ध असलेली सावळी स्त्री त्या लेण्यातच आहे. मुलगी तिच्यापुढे उभी राहिली. अंधूक उजेडात तो गहिरा चेहरा स्पष्ट दिसत होता, कारण चित्रकाराने शेजारचे रंग सांभाळले होते, आणि अजिंठ्याच्या चेहऱ्यांत नाकाच्या शेंड्यावर, हनुवटीवर उजेडाची जी बारीक रेघ असते ती योग्य जागी ठेवली होती. "सर," ती हळूच म्हणाली, "आजूबाजूचं बदलाव लागते."

परत आल्यावर तिने अंगाचा तपकिरी तसाच ठेवला आणि सदऱ्याचा गडद रंग आणखी गडद, निळसर काळा केला. हात सदऱ्यातून वर आले. लाल थोडा उजळला, आणि कुंकू कपाळावर ठसठशीत बसले. आई तिच्या रंगासह पडद्यावर उभी राहिली.

उरला कापूस. तीन रंग संपले होते, आणि पांढरा नव्हता. पोरीने युक्ती काढली : ओटीतली घरे रिकामीच सोडायची, मागचा पांढरा पडदा दिसेल, तोच कापूस. छान जमले. पण मागे हिरवे शेत घातले आणि आई त्यातून चालू लागली, तर कापूसही हिरवा! पुन्हा वर्ग हसला. दोन दिवस ती त्यावर घुटमळत होती. तिसऱ्या दिवशी तिने ओटी काढून टाकली आणि कापसाचे गाठोडे आईच्या डोक्यावर दिले. डोके शेताच्या वर येते. तिथे मागे पांढरे आभाळ. आता आई कुठेही चालली तरी गाठोडे पांढरेच. दोन घरे गडद, मधे सारे रिकामे. आणि तो कापूस वाटतो. वेचणी संपवून सांजेला घरी निघालेली बाई अशीच दिसते, हे आमच्या पट्ट्यात कुणाला सांगावे लागत नाही.

स्नेहसंमेलनाच्या दिवशी खेळ पडद्यावर लावला. मागच्या बाकावर ती आई बसली होती; कामावरून थेट आलेली. लेकीने सांगितले, "माय, हे तू." आई पडद्याकडे डोळे बारीक करून पाहत राहिली. सोळा घरांची, नाक नसलेली, डोळ्याला एकेकच घर असलेली ती बाई पावसाच्या पुढे पुढे चालत होती. मग आई एकदम हसली आणि शेजारणीला कोपराने ढोसून म्हणाली, "अवं, हा तं इच्या बापाचा सदरा हाये!"

यंदाच्या दिवाळीला आईचा तो भोकांचा कागद मी त्या मुलीला देणार आहे. कडा फाटल्या आहेत. पण ठिपके अजून सरळ पडतात.