पोटाच्या संसर्गाचे निदान : रेण्वीय चाचणीचे बळ आणि मर्यादा

नवी दिल्ली : डिसेंबर १९५५ आणि जानेवारी १९५६ मध्ये दिल्लीत काविळीची मोठी साथ पसरली. नजफगड नाल्याचे सांडपाणी यमुनेच्या पिण्याच्या पाण्यात मिसळले आणि सुमारे २९ हजार ३०० जणांना कावीळ झाली. साथीचे मूळ दूषित पाण्यात असल्याचे लवकरच कळले. मात्र विषाणू कोणता, याचा उलगडा तेव्हा झाला नाही. जतन केलेल्या रक्तद्रवाच्या तपासणीतून ही साथ ‘हिपॅटायटिस ए’ची नव्हती, हे १९८० मध्ये स्पष्ट झाले. पुढे तिचे कारण ‘हिपॅटायटिस ई’ असल्याचे मानले गेले.

अन्नपाण्यातून पसरणाऱ्या रोगांचे जंतू आता रेण्वीय चाचणीमुळे काही तासांत ओळखता येतात.

चाचणी कशी होते?

शौचाच्या नमुन्यातून जंतूंचे डीएनए किंवा आरएनए वेगळे केले जाते. आरएनएचे प्रथम डीएनएमध्ये रूपांतर करतात. त्यानंतर पीसीआर तंत्राने जंतूच्या विशिष्ट जनुकीय भागाच्या प्रती तयार केल्या जातात. प्रत्येक फेरीत प्रती जवळपास दुप्पट होत असल्याने ३० फेऱ्यांत त्यांची संख्या १०० कोटींच्या घरात जाऊ शकते. ‘मल्टिप्लेक्स’ प्रकारात एकाच नमुन्यात अनेक जिवाणू, विषाणू व परजीवी शोधले जातात. २२ जंतू साधारण तासाभरात तपासणाऱ्या अशा एका संचाला अमेरिकेत २०१४ मध्ये मान्यता मिळाली.

पारंपरिक कल्चर चाचणीत जिवाणू वाढवून ओळखण्यास दोन ते तीन दिवस लागतात. नोरोव्हायरससारखे विषाणू तर नेहमीच्या कल्चरमध्ये वाढतच नाहीत. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात ‘जीबीएस’चे रुग्ण वाढले, तेव्हा राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेच्या तपासणीत काही शौच नमुन्यांत ‘कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी’ आणि नोरोव्हायरस आढळले होते.

मर्यादा कोणत्या?

ही चाचणी जंतूची जनुकीय खूण शोधते. तो जिवंत आहे की मृत, हे सांगत नाही. लक्षणे नसलेल्या व्यक्तींच्या, विशेषतः बालकांच्या आतड्यातही काही जंतू आढळतात. त्यामुळे अहवाल ‘पॉझिटिव्ह’ आला म्हणजे तोच जंतू आजाराचे कारण, असे ठरत नाही. अहवालाचा अर्थ लक्षणांशी ताडून पाहावा लागतो. कोणते प्रतिजैविक लागू पडेल, हे ठरवण्यासाठी अनेकदा कल्चर आवश्यकच असते.

चाचणी कधी आवश्यक?

सौम्य जुलाबात सहसा तिची गरज नसते. शौचातून रक्त जाणे, तीव्र ताप, दीर्घकाळ टिकणारे जुलाब, प्रतिकारशक्ती क्षीण असणे किंवा साथीचा संशय असल्यास डॉक्टर ती सुचवू शकतात. काही ‘ई. कोलाय’ संसर्गांत प्रतिजैविके टाळावी लागतात. अशा वेळी नेमके निदान निर्णायक ठरते.

मात्र अहवाल येईपर्यंत उपचार थांबवू नयेत. जुलाबात शरीरातील पाणी व क्षार भरून काढणे, हाच पहिला उपाय होय. त्यासाठी ओआरएस तातडीने सुरू करावे आणि लघवी कमी होणे, सुस्ती किंवा सतत उलट्या दिसल्यास रुग्णाला त्वरित रुग्णालयात न्यावे.