धूळशोषक पंखा आणि त्रिफेज मोटर : जोडणीतील दोषांचा एक ऐतिहासिक विचार

प्रस्तावना :
औद्योगिक इतिहासाच्या अभ्यासात यंत्राच्या शोधाला जेवढे स्थान मिळते, तेवढे त्याच्या बिघाडाला मिळत नाही. कारखान्यातील हवा गाळणाऱ्या यंत्रणेच्या बाबतीत मात्र बिघाड हा कामगाराच्या फुप्फुसांशी जोडलेला प्रश्न आहे. प्रस्तुत लेखात विद्युत मोटरीच्या जोडणीतील दोषांचा या दृष्टीने विचार केला आहे.

पट्ट्याकडून तारेकडे :
मुंबईत पहिली कापड गिरणी १८५४ मध्ये स्थापन झाली. वाफेच्या इंजिनावरील लाइन शाफ्ट व पट्टे यांवर गिरण्यांची यंत्रे चालत. पट्टा सरळ आहे की आडवा, यावर चाकाच्या फिरण्याची दिशा ठरे आणि ती कोणालाही डोळ्यांनी दिसे. फेरारिस व टेस्ला यांनी १८८८ मध्ये फिरत्या चुंबकीय क्षेत्राचे तत्त्व मांडले. पुढे डोलिव्हो-डोब्रोव्होल्स्की यांनी १८८९ मध्ये त्रिफेज मोटर सिद्ध केली. १८९१ मध्ये लाउफेन ते फ्रँकफुर्ट असे सुमारे १७५ किलोमीटर त्रिफेज वीजवहन झाले. खोपोलीची जलविद्युत १९१५ पासून मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. या मोटरीच्या तीनपैकी कोणत्याही दोन तारा अदलाबदल झाल्या की दिशा उलटते. म्हणजेच दिशेचा निर्णय उघड्या पट्ट्यावरून मोटरीच्या बंद जोडणीपेटीत गेला.

न दिसणारा दोष :
केंद्रोत्सारी पंखा उलटा फिरला, तरी त्याच्या कवचाच्या रचनेमुळे हवा त्याच दिशेने वाहते. फक्त तिचे प्रमाण बरेच घटते. पंखा चालू असतो, आवाजही येतो, पण धूळ पुरेशी ओढली जात नाही. एक फेज तुटल्यास थांबलेली मोटर केवळ गुणगुणते. चालू असलेली मोटर मात्र हलक्या भारावर फिरत राहते आणि उरलेल्या दोन तारांतून जादा प्रवाह घेऊन तापते. डेल्टा जोडणीची मोटर चुकून स्टारमध्ये जोडल्यास तिचा आघूर्ण सुमारे एक तृतीयांशच उरतो व पंखा पूर्ण वेग घेईलच असे नाही.

म्हणून तपासणीचा क्रम महत्त्वाचा ठरतो. प्रथम तिन्ही फेजमधील दाब मोजावा. नंतर पुरवठा तोडून फ्यूज, कॉन्टॅक्टर, ओव्हरलोड रिले, जोडणीपेटी व वेटोळ्यांचे विद्युतरोधन तपासावे. शेवटी पंख्याची दिशा कवचावरील बाणाशी ताडून पाहावी.

कायदा आणि कामगार :
१९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम १४ ने धूळ व धूर यांच्या निवारणाची जबाबदारी कारखान्यावर टाकली. कापसाच्या धुळीने होणाऱ्या बिसिनोसिस या श्वसनविकाराचा लँकेशायरमधील शिलिंग यांचा अभ्यास १९५० च्या दशकातला. ब्लो रूम व कार्डिंग खात्यात ही धूळ सर्वाधिक असते. पंखा बसविलेला आहे, एवढ्यावरून तेथील हवा स्वच्छ आहे असा निष्कर्ष काढता येत नाही.

समारोप :
थोडक्यात, पट्ट्याच्या युगात डोळ्यांना दिसणारा दोष विजेच्या युगात मोजल्याशिवाय कळेनासा झाला. त्यामुळे तारतंत्र्याचे मोजमाप हे कामगाराच्या आरोग्यरक्षणाचाच भाग ठरले. औद्योगिक इतिहास लिहिताना यंत्राच्या उभारणीबरोबरच त्याच्या देखभालीच्या नोंदींनाही साधन म्हणून स्थान मिळणे आवश्यक आहे.