वाहनाचे वाहन: जीप, ट्रेलर आणि कोकणची वाट

कोकणातील वाटांसाठी मराठीत जे शब्द आहेत ते एकत्र ठेवून पाहिले की एक गोष्ट लक्षात येते. पाखाडी म्हणजे जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची वाट. साकव म्हणजे पऱ्ह्यावर टाकलेला, पायी जाणाऱ्यापुरता अरुंद पूल. घाटी म्हणजे उभी चढण. तर म्हणजे खाडी ओलांडून देणारी होडी. यांपैकी एकाही शब्दात चाकाला जागा नाही. रत्नागिरी जिल्ह्याची वाहतूक दीर्घकाळ माणसाच्या डोक्यावरून, बैलाच्या पाठीवरून आणि गलबतातून झाली. घाटमाथ्यावरचे धान्य खाली आणि किनाऱ्यावरचे मीठ वर नेणारे तांडे पाठाळ बैलांचे होते, गाड्यांचे नव्हते. कुंभार्ली, आंबा, फोंडा या घाटांतून गाडीरस्ते झाले ते एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. शब्दकोशातील ही चाकाची अनुपस्थिती म्हणजे भूगोलाने लिहिलेला इतिहासच आहे.

जिथे रस्ता नाही तिथे ओझे कसे न्यायचे, हा प्रश्न शेतकऱ्याचा आहे तसाच सैन्याचाही आहे. त्यावर सैन्याने फार पूर्वीपासून एकच उत्तर दिले: ओढणारा वेगळा आणि ओढले जाणारे वेगळे. तोफेचा गाडा आणि त्याला जुंपलेल्या बैलजोड्या ही त्याची परिचित प्रतिमा. बैल थकले तर बदलता येतात, गाडा अडला तर सोडून देता येतो. विसाव्या शतकात बैलाच्या जागी इंजिन आले तरी ही विभागणी कायम राहिली.

जीपचा जन्म याच गरजेतून झाला. अमेरिकन बॅन्टम या पेन्सिल्व्हेनियातील छोट्या कंपनीने तिचा पहिला नमुना २३ सप्टेंबर १९४० रोजी सैन्याच्या हवाली केला. परंतु एवढ्या लहान कारखान्याला युद्धाची मागणी पेलवणार नाही, असे ठरले आणि जीपचे मोठे उत्पादन विलिस-ओव्हरलँड व फोर्ड यांच्याकडे गेले. युद्धसमाप्तीपर्यंत या दोघांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीप बनविल्या. ज्या कंपनीने जीप प्रथम घडविली, तिच्या वाट्याला पुढे मुख्यतः जीपच्या मागे जोडायचे दुचाकी ट्रेलर आले.

हा पाव टनी ट्रेलर मात्र दुय्यम वस्तू नव्हता. त्याची चाके व टायर जीपचेच होते, त्यामुळे जीपचे जादा चाक दोहोंना चाले. दोहोंच्या चाकांतील अंतरही सारखे, म्हणून जीपने पाडलेल्या चाकोरीतूनच तो मागे येई. त्याची पेटी पाणबंद होती. जीप ओढ्यात उतरली की तो तिच्यामागे तरंगत जाई आणि तळाच्या बुचांतून आत साचलेले पाणी काढून टाकता येई. ओढ्याखाड्यांचा प्रदेश ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या योजनेचे मोल सांगावे लागणार नाही.

युद्ध संपल्यावर भारतात राहिलेली अमेरिकी सामग्री १९४६ मधील करारान्वये तत्कालीन हिंदुस्थान सरकारकडे आली आणि डिस्पोजल खात्यामार्फत विकली जाऊ लागली. 'डिस्पोजलचा माल' हा शब्दप्रयोग मराठीत रुळला तो याच काळात. मोटारी, तंबू, बूट, घोंगड्या, पत्र्याचे डबे असे सारे त्यात मोडत असे. मुंबईत २ ऑक्टोबर १९४५ रोजी पोलादाच्या व्यापारासाठी स्थापन झालेल्या महिंद्र अँड महंमद या पेढीने १९४७ मध्ये विलिस जीपचे सुटे भाग आयात करण्यास आरंभ केला आणि माझगावात त्यांची जोडणी सुरू झाली. फाळणीनंतर भागीदार मलिक गुलाम महंमद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये पेढीचे नाव महिंद्र अँड महिंद्र झाले. युद्धाचे वाहन अशा रीतीने मुलकी झाले.

मुलकी झालेली जीप खेड्यात आली ती बहुधा सरकार म्हणून. मामलेदार, विकास अधिकारी, आरोग्य केंद्राचे डॉक्टर आणि निवडणुकीचे उमेदवार यांची ती खूण ठरली. महाराष्ट्रात १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्यावर 'जीप आली' याचा अर्थ 'साहेब आले' असा होऊ लागला. पाखाडीच्या पायथ्याशी मात्र तीही थांबे, आणि तेथून पुढे आजाऱ्याला डोलीतूनच आणावे लागे. कोठेही जाऊ शकणाऱ्या वाहनालाही कोकणाने मर्यादा घातली होती.

वाहनाने वाहन वाहण्याचा एक मोठा प्रयोग याच भूमीत झाला, हेही येथे नोंदविले पाहिजे. कोकण रेल्वेने २६ जानेवारी १९९९ पासून कोलाड ते वेर्णा या मार्गावर भरलेले ट्रक सपाट वाघिणींवर चढवून नेण्यास प्रारंभ केला. घाटवळणांत डिझेल जाळण्यापेक्षा ट्रकनेच प्रवासी व्हावे, हा त्यातला साधा हिशेब.

आता या परंपरेतील नवा पाहुणा. होंडाने १९७० मध्ये तीन चाकांचे, फुगीर टायरांचे वाहन बाजारात आणले. अपघातांमुळे १९८८ मध्ये अमेरिकेत तीनचाकींची विक्री थांबली आणि चारचाकी एटीव्ही रूढ झाली. आज दापोलीपासून गणपतीपुळ्यापर्यंतच्या किनाऱ्यांवर ती पर्यटकांसाठी भाड्याने फिरते. हिच्याबाबत एक विसंगती आहे. वाळू, चिखल, कातळ यांवर चालणाऱ्या या बहुतेक गाड्यांची रस्त्यावरील वापरासाठी नोंदणीच होत नाही. जी सर्वत्र जाऊ शकते, तिला रस्त्याने जाण्याची मुभा नाही. म्हणून तिला टेंपोत किंवा ट्रेलरवर घालून आणावे लागते.

लष्करी लिलावातील जुना ट्रेलर या कामी स्वस्त आणि दणकट वाटतो. पण हिशेब तपासला पाहिजे. पाव टनी ट्रेलरची भारमर्यादा ५०० पौंड, म्हणजे सुमारे २२७ किलो. मोठ्या एटीव्हीचे वजन ३०० किलोच्याही वर जाते. भार मागे सरकला तर जोडदांडा वर उचलला जातो आणि ट्रेलर हेलकावू लागतो. फार पुढे आला तर जीपची मागची बाजू दबते. आंबा घाटाच्या उतारावर स्वतःचा ब्रेक नसलेला भारी ट्रेलर जीपला मागून ढकलतो, आणि ओढणारा कोण व ओढला जाणारा कोण, हे वळणावर उलटे होते. एक टनी ट्रेलर भार सोसतो, पण त्याला ओढणारे वाहनही त्याच तोलाचे लागते.

हा झाला यंत्राचा हिशेब. दुसरा हिशेब वाळूचा आहे. नोव्हेंबर ते मार्चच्या सुमारास ऑलिव्ह रिडले कासवे वेळास, आंजर्ले, गुहागर येथील किनाऱ्यांवर अंडी घालतात. दीड-एक फूट खोल खड्ड्यात शंभराच्या आसपास अंडी असतात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ मध्ये वेळासला गावकऱ्यांच्या साथीने संरक्षणाचे काम सुरू केले आणि पूर्वी चोरली जाणारी अंडी तेथे राखली जाऊ लागली. फुगीर टायरांची चाके अशा वाळूवरून फिरली तर वाळू दबते, न दिसणारे घरटे चिरडले जाऊ शकते, आणि चाकोरीत अडकलेले पिल्लू समुद्रापर्यंत पोहोचत नाही. बोटभर खोलीची चाकोरी त्याच्यासाठी घाटीच असते.

सैन्याला कोठेही जाणारे वाहन हवे होते, कारण त्याला ठरावीक ठिकाणी पोहोचायचे होते. डॉक्टरच्या जीपलाही कोणाच्या तरी दारी जायचे होते. किनाऱ्यावर गोल फिरणाऱ्या गाडीला पोहोचण्याचे ठिकाणच नाही. तिच्यावर रोजगार अवलंबून आहे, हे खरे. म्हणून सरसकट बंदीची मागणी सोपी असली तरी पुरेशी नाही. कोणता किनारा, कोणते महिने आणि भरतीरेषेपासून किती अंतर, हे प्रत्येक ग्रामपंचायतीने वनखात्याबरोबर बसून ठरवावे लागेल. कोकणात पूर्वी पाखाडीच चाकाला थांबवीत असे. वाळूला पायऱ्या नसतात. तेथे थांबण्याची जागा माणसांनीच आखायची आहे.