टायरवरचे नाव आणि टायरचा दर्जा : एक इतिहास

१/ पालघर-बोईसर पट्ट्यात गाडीचा टायर बदलायला गेलेल्या माणसासमोर आधी नावांची रांग उभी राहते. सीएट, एमआरएफ, अपोलो, ब्रिजस्टोन, मिशेलिन. मग ठरलेला प्रश्न येतो : 'चांगली कंपनी कोणती?' या प्रश्नात एक गृहीतक दडलेले आहे, ते म्हणजे नाव हीच दर्जाची हमी. ते कितपत खरे, हे इतिहासाला विचारू या. 🧵

२/ हवा भरलेला व्यवहार्य टायर १८८८ मध्ये बेलफास्ट येथे जॉन बॉइड डनलॉप या पशुवैद्याने आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी केला. त्याच्या नावाच्या कंपनीने १९३६ मध्ये बंगालमधील साहागंज येथे भारतात उत्पादन सुरू केले. पुढे अमेरिकेची फायरस्टोन मुंबईत शिवडीला आली. त्या काळी नाव आणि कारखाना यांचे नाते सरळ होते. ज्याचे नाव, त्याचाच टायर.

३/ हे नाते कसे सुटत गेले, याचे उत्तम उदाहरण आपल्या भांडुपचे आहे. १९५८ मध्ये मुंबईत सीएटची भारतीय कंपनी स्थापन झाली. मूळ कंपनी १९२४ मधली, इटलीतील तोरिनो शहराची. 'सीएट' ही आद्याक्षरे आहेत आणि त्यांचा अर्थ 'विजेच्या तारा व तत्सम वस्तू, तोरिनो' असा होतो. म्हणजे ज्या नावाला आपण टायरचे नाव समजतो, ते मुळात तारांचे नाव!

४/ १९८२ मध्ये आरपीजी समूहाने भारतीय सीएट घेतली. इटलीतील मूळ उद्योग तोवर मोडकळीस आला होता आणि त्या नावाचे हक्क पुढे पिरेलीकडे गेले. अखेर २०१० मध्ये भारतीय सीएटने ते हक्क पिरेलीकडून विकत घेतले. कारखाना इथलाच होता, कामगार इथलेच होते. विकत घेतले ते केवळ नाव.

५/ डनलॉपची कथा याहून गुंतागुंतीची आहे. एकाच नावाचे हक्क जगाच्या वेगवेगळ्या भागांत वेगवेगळ्या मालकांकडे विभागले गेले. उलट, एमआरएफचा आरंभ १९४६ मध्ये मद्रासजवळ खेळण्यातले फुगे बनवण्यापासून झाला. परदेशी नाव म्हणजे अखंड परंपरा आणि देशी नाव म्हणजे नक्कल, अशी सोपी विभागणी इथे टिकत नाही.

६/ आता शिवडीकडे परत येऊ. फायरस्टोनची भारतीय कंपनी पुढे 'बॉम्बे टायर इंटरनॅशनल' झाली. तिच्या नावाचा खटला १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला. वाद अबकारी शुल्काचा होता. कंपनीचे म्हणणे असे की शुल्क केवळ उत्पादनखर्च आणि उत्पादनाचा नफा यांवरच लागावे. जाहिरात व विक्रीव्यवस्था यांचा खर्च त्यात धरू नये.

७/ न्यायालयाने ते मान्य केले नाही. विक्रीच्या क्षणापर्यंत ज्या खर्चांनी वस्तूचे मूल्य वाढते, त्यांत जाहिरातीचा खर्चही येतो, असा निर्णय झाला. कायद्याच्या विद्यार्थ्यांना हा निकाल करआकारणीसाठी ठाऊक असतो. इतिहासाच्या दृष्टीने त्यातील कबुली महत्त्वाची आहे : टायरच्या किमतीत रबर आणि तार यांच्यासोबत नावाचाही वाटा असतो.

८/ मग दर्जा कशात? मुख्यतः रचनेत आणि रबराच्या मिश्रणात. मिशेलिनने १९४६ मध्ये रेडियल टायरचे पेटंट घेतले. जुन्या टायरमधील धाग्यांचे थर तिरपे, एकमेकांना छेदणारे असत. रेडियलमध्ये ते कडेपासून कडेपर्यंत सरळ जातात आणि वरून पोलादी पट्टा बसतो. त्यामुळे टायर कमी तापतो आणि इंधन वाचते.

९/ तरीही आपल्याकडचे ट्रकवाले दीर्घकाळ 'नायलॉन' टायरलाच धरून राहिले. त्यामागे अडाणीपणा नव्हता, हिशेब होता. जादा भार, खड्ड्यांचे रस्ते आणि कमी किंमत यांचा मेळ त्यात बसत होता. तारापूर एमआयडीसीतून माल भरून मनोरमार्गे महामार्ग गाठणाऱ्या ट्रकची गरज आणि घरच्या मोटारीची गरज एक नसते. दर्जा नेहमी कामाच्या संदर्भातच मोजावा लागतो.

१०/ म्हणून नावाआधी टायरची कड वाचावी. '१८५/६५ आर १५ ८८ एच' याचा अर्थ : रुंदी १८५ मिलिमीटर, कडेची उंची रुंदीच्या ६५ टक्के, रचना रेडियल, रिम १५ इंची. ८८ म्हणजे एका टायरवर कमाल ५६० किलो भार आणि 'एच' म्हणजे ताशी २१० किलोमीटरची वेगमर्यादा. चार आकडी खूण निर्मितीची तारीख सांगते. '२२२३' म्हणजे २०२३ चा बाविसावा आठवडा. आयएसआय चिन्हही पाहावे.

११/ या इतिहासाचा शेवटचा अध्याय आपल्याच जिल्ह्यात लिहिला जातो आहे. वाडा तालुक्यात जुने टायर तापवून तेल काढणारे कारखाने आहेत. तेथे स्फोट झाले आहेत, माणसे दगावली आहेत आणि धुराची झळ आसपासच्या गावांना बसते. त्या भट्टीत महागडा टायर आणि स्वस्त टायर यांत काहीच भेद उरत नाही.

१२/ २०२२ मध्ये केंद्र सरकारच्या नियमांनी जुन्या टायरच्या पुनर्वापराची जबाबदारी उत्पादक आणि आयातदारांवर टाकली. आरंभी नाव म्हणजे निर्मात्याची ओळख होती, मग ती खरेदी-विक्रीची मालमत्ता झाली, पुढे किमतीचा भाग ठरली. आता नाव म्हणजे उत्तरदायित्व, असा चौथा अर्थ कायद्याने दिला आहे. तो वाड्याच्या गावांपर्यंत पोहोचतो का, यावर 'चांगली कंपनी कोणती' याचे उत्तर ठरायला हवे.